खुर्चीवरचा नारळ

केरबानाना माणसाचं तोंड बघत नसत. कुणीही समोर येऊन उभं राहिलं की त्यांची नजर आधी त्याच्या पायांवर जायची, तिथून पोटापर्यंत चढायची आणि तिथंच थांबायची. मी पहिल्यांदा तळ्याच्या काठावर उतरले तेव्हा माझ्या कडेवर मुलगी होती आणि हातात स्टोव्ह होता. समोर गुडघ्याएवढं धोतर आणि बंडी घातलेला एक म्हातारा उभा. मला तसंच न्याहाळून तो आमच्या ह्यांना म्हणाला, "वैनीसाब पाऊण पोतं, लेकरू धरून. फुडच्या फळीवर चालत्याल." असा राग आला मला. एक तर नवऱ्याची बदली झाली म्हणून कोल्हापूर सोडून या रानात यायचं, आणि आल्याआल्या परक्या माणसानं आपल्याला पोत्यात मोजायचं. पण घाटाच्या प्रवासानंतर भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी मुकाट्यानं पुढच्या फळीवर जाऊन बसले.

हे हिरडीचं तळं. पन्हाळ्याच्याही पलीकडं, डोंगराच्या खोबणीत. मोटारीचा रस्ता अलीकडच्या काठाला संपायचा आणि बंगला पलीकडं; काठाकाठानं पायवाट होती, पण सामानसुमान होडीनंच यायचं. संस्थानच्या काळात शिकारीला येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठी तो बांधला होता, तीन होड्या ठेवल्या होत्या आणि होड्यांवर केरबानाना होते. संस्थान गेलं, सरकार आलं, आणि तळं सगळ्यांना खुलं झालं. आमचे हे बंगल्यावर कारकून म्हणून आले. नाना होते तिथंच राहिले. आधी ते शिकाऱ्यांना फिरवत, आता कोल्हापूरच्या वकिलांना, मास्तरांना, पेढीवाल्यांना आणि त्यांच्या बायकापोरांना फिरवू लागले. दोन लहान होड्या कॉलेजची पोरं शर्यतीला घेऊन जात. बिऱ्हाड घेऊन आलेल्यांना मात्र मोठी होडीच हवी असे, आणि मोठी होडी नाना दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत.

लोकांना वाटायचं, काय मजेची नोकरी आहे. गार हवा, पाणी, दिवसभर होडीत. मलाही लोक हेच म्हणायचे. तळं खुलं झालं आणि आमचे नातेवाईक एकदम वाढले. कोल्हापुरात असताना ज्यांनी कधी चहाला बोलावलं नाही ते रविवार उजाडला की हजर, तेही डब्याशिवाय. ह्यांची कोडोलीची एक आत्या तर अख्खी गल्ली घेऊन यायची. सकाळपासून मी पोळ्या लाटायची आणि तिकडं नाना सकाळपासून माणसं बसवायचे. संध्याकाळी शेवटची गाडी गेली की ते आमच्या मागच्या दाराच्या पायरीवर येऊन टेकत. मी चहाचा पेला पुढं ठेवी. मग ते म्हणायचे, "वल्हं हलकं असतंय, वैनीसाब. माणूस बसवायला जड." मी म्हणायची, "पोळीचंही तसंच, नाना. लाटायला काही नाही, वाढायला जीव जातो." एवढं बोललं की आम्हा दोघांना जरा बरं वाटायचं.

माणूस बसवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. जड माणसं मध्ये आणि खाली, हलकी दोन्ही टोकांना, डाव्या-उजव्या अंगाला भार सारखा. बस्स. पण आपल्याकडं कुणी कुठं बसावं हे वजनावर कधी ठरलंय? सासरा आधी, मग नवरा, मग दीर. सासू पुढं तोंड करून बसणार. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, त्याच्याकडं पाठही करायची नाही, आणि त्याच्यापेक्षा उंच फळीवर तर मुळीच बसायचं नाही. होडीत अशी जागा आणायची कुठून? एका वकिलांची सून, अंगानं अगदी किरकोळ, तिला नानांनी पुढच्या उंच फळीवर बसवलं आणि सासूबाईंना मध्ये तळाशी. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी हिच्या पायाशी बसू?" नाना म्हणाले, "आईसाब, हितं सासू न्हाय आन सून न्हाय. हितं वजान हाय." सासूबाई तरातरा उतरून गेल्या. सून बिचारी एक पाय होडीत, एक पाय पायरीवर, कुणाचं ऐकावं ते न कळून तशीच उभी राहिली.

एकदा एका शाळेची सहल आली. नानांनी पोरं छान बसवली. तेवढ्यात मागून हेडमास्तर आले, त्यांनी होडीत पाय टाकला, आणि सगळी पोरं शिस्तीत उठून उभी राहिली. होडी कलली. निम्मी पोरं कमरेएवढ्या पाण्यात. काठालाच होती म्हणून निभावलं. नानांनी एकेकाला दंडाला धरून वर काढलं. सगळी बाहेर आल्यावर हेडमास्तरांकडं न बघता म्हणाले, "पाण्यात कुणी उठायचं न्हाय. देव आला तरी बसूनच हात जोडायचं. देव कायबी म्हणत न्हाय." त्या दिवशी माझ्या चुलीभोवती दिवसभर पोरांच्या चड्ड्या वाळत होत्या.

खरी डोकेदुखी होती ती मोठ्या होडीच्या मागच्या टोकाला ठोकलेली खुर्ची. संस्थानी पाहुण्यांसाठी केलेली, उंच, लाल गादीची. कुठलंही बिऱ्हाड आलं की त्यातला मोठा माणूस सरळ त्या खुर्चीकडं निघायचा, आणि मानानं मोठी माणसं बहुतेक वजनानंही मोठीच असायची. जड माणूस तिथं उंचावर बसला की होडीचं पुढचं टोक वर यायचं आणि जरा वारा सुटला तरी ती डुलायला लागायची. ही खुर्ची काढा म्हणून नानांनी येईल त्या साहेबाला सांगून बघितलं. सरकारी मालमत्ता आहे, काढता येणार नाही, असं उत्तर मिळायचं. शेवटी नानांनी बाजारातून एक नारळ आणला, त्याला लाल खण गुंडाळला, हळदकुंकू लावलं आणि खुर्चीवर दोरीनं बांधून टाकला. कुणी तिकडं वळलं की म्हणायचे, "ती देवीची जागा हाय, पावणं." झालं. मोठमोठी माणसं हात जोडायची आणि नाना दाखवतील तिथं गपगार बसायची. मी एकदा विचारलं, "नाना, देवी कुठली?" म्हणाले, "मला काय म्हाईत. आठवडी बाजारातला नारळ हाय." जुना झाला की तो आमच्या घरी चटणीला यायचा आणि खुर्चीवर नवा चढायचा.

ते इतके हट्टी का, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील नदीवर नाव चालवायचे. लग्न लावून परतणाऱ्या एका वऱ्हाडाला पलीकडं न्यायचं होतं. नवरदेवाचा बाप आपल्या भावांना घेऊन नावेच्या उंच टोकाला जाऊन बसला, कारण ती मानाची जागा. नानांच्या वडिलांना दिसत होतं की भार चुकतोय. पण वरबापाला ऊठ कसं म्हणायचं? मध्यावर गेल्यावर नाव उलटली. माणसं पोहून निघाली, नवरी तेवढी निघाली नाही. "मी दुसऱ्या वल्ह्यावर हुतो," नाना म्हणाले. "माझा बा बोलला न्हाय. येवढंच." मग त्यांनी चहा संपवला, पेला धुऊन पालथा घातला आणि गेले. त्यानंतर मी कधी त्यांच्या पोत्यांना हसले नाही.

नानांची बायको लवकर वारली होती. हौसा ही एकुलती एक मुलगी. सगळ्यांसारखी तीही बापाला नानाच म्हणायची. होडीतच वाढलेली, वल्हं मारायला बापाइतकीच पक्की. आम्ही तिथं गेलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, नेसरीच्या एका शेतकऱ्याच्या घरात. नवऱ्याचं नाव मारुती. सासरा भैरूअण्णा, गावात वजन असलेला माणूस, आणि अंगानंही भक्कम. नाना त्यांना पहिल्यांदा बघून आले तेव्हा मला म्हणाले, "दोन पोत्याला थोडा कमी. पर सोयरीक चांगली हाय."

आता गंमत बघा. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना बसवत आला, त्याच्या घरच्या लग्नात बसवण्यातच घोटाळा झाला. नाना वाढायच्या गडबडीत होते, आणि भैरूअण्णांच्या चुलत्यांना कुणीतरी पहिल्या पंगतीतून उठवून दुसऱ्या पंगतीला बसवलं. झालं, मान गेला. त्या वेळी कुणी काही बोललं नाही. हौसा दिवाळसणाला माहेरी आली, आणि तिला न्यायला नेसरीहून कुणी आलंच नाही. ती दिवाळी गेली, होळी गेली, पुढची दिवाळी आली. एका जेवणाच्या पंगतीवरून पोरीचा संसार असा टांगून ठेवायचा. मला विचाराल तर त्या घरावर माझा फार राग होता, आणि तो मी कधी लपवला नाही.

हौसाला जायचं होतं. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढं लोक म्हणायला लागले की तिलाच नांदायचं नव्हतं. ती माझ्या स्वयंपाकघरात मदतीला येऊन बसायची. लाटता लाटता एस.टी.चा आवाज आला की तिचं लाटणं थांबायचं. मी विचारलं, "कसा आहे गं मारुती?" म्हणाली, "मानूस चांगला हाय, वैनी. पर बापाफुडं त्येचं तोंड उघडत न्हाय." तिची पत्र्याची ट्रंक भरलेलीच असायची. काही काढलं तरी धुऊन परत आत ठेवायची. बंगल्यावर येणारी बाया-माणसं विचारायची, काय गं, कधी जाणार, आणि ती हसून म्हणायची, "जायाचं की आता." हसता हसता तीही दमून गेली होती.

नाना नेसरीला खेटे घालत राहिले. भैरूअण्णांच्या सोप्यात खांबाला टेकून बसायचे, पाणी मिळालं तर प्यायचे, नाही मिळालं तर तसेच परत. परत आले की मी काही विचारत नसे. त्यांच्या चालण्यावरून कळायचं. शेवटी एका खेपेला भैरूअण्णा म्हणाले, "येतो की एकदा तुमचं तळं बघाय. तितं बघू आमचा काय मान ठेवतासा." नाना त्या दिवशी घाट चढून आले ते सरळ आमच्या दाराशी. "वैनीसाब, येत्यात," म्हणाले, आणि पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले.

मग आमची धांदल. ह्यांनी बंगल्याचा व्हरांडा धुऊन घेतला, जाजम अंथरलं. नानांनी नवे फेटे आणले. चुलत्यांचा फेटा सगळ्यांत भारी. मटणाचा मसाला हौसानं स्वतः पाट्यावर वाटला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मी लापशी केली. पाहुणे पायवाटेनं आले ते भैरूअण्णा, विहीणबाई, ते चुलते, दोन भाऊ आणि सगळ्यांच्या मागं मारुती. नानांनी सगळ्यांचे पाय धुतले, चुलत्यांचे आधी. फेटे बांधले. चुलते खूश, विहीणबाईंनी हौसाच्या हातचा चहा घेतला, कसा झालाय तेही सांगितलं. मी आतून बघत होते आणि मनात म्हणत होते, निभावलं वाटतं. पानं मांडून वाढायला घेणार तेवढ्यात भैरूअण्णा म्हणाले, "जेवान मागनं. आदी होडीतनं फिरवा की आमास्नी."

सगळे पायऱ्यांवर आले. वारा सुटायची वेळ झाली होती, पाण्यावर बारीक लाटा उठायला लागल्या होत्या. हौसा नेहमीप्रमाणे दोर धरून काठावर उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. मीही हात पुसत मागं गेले होते. भैरूअण्णांनी होडी बघितली, खुर्ची बघितली आणि खुर्चीपाशी जाऊन थांबले. "ह्यो नारळ कशाचा?"

नाना आता नेहमीचं म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी भैरूअण्णांच्या पोटाकडं बघितलं, सवयीनं. मग हौसाकडं बघितलं. मग वाकून दोरी सोडली, नारळ उचलला आणि आपल्या पायाशी ठेवला. बंडीच्या टोकानं गादी पुसली. "बसा, पावणं," म्हणाले.

भैरूअण्णा बसले. शेजारच्या फळीवर विहीणबाई, त्यांच्या लगत चुलते आणि भाऊ; पुढच्या फळीवर एकटा मारुती. सगळा भार मागच्या टोकाला. होडीचं पुढचं टोक पाण्यातून वर आलं आणि ती एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला डुलली. नानांनी दोन्ही वल्ही हातात घेतली. त्यांचा चेहरा मला दिसला. घाबरलेला वगैरे काही नव्हता, फक्त फार म्हातारा दिसत होता. त्यांनी दोर सोडायची खूण केली.

हौसानं दोर सोडला नाही. उलट खुंटीला आणखी एक वेढा दिला. "नाना, होडी सोडू नगासा," म्हणाली. मग पदर पुढं ओढून, मान खाली घालूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मामंजी, तितनं उठा. उभं ऱ्हाऊ नगासा, सरकत या. मधी खाली बसा. न्हायतर मी होडी सोडणार न्हाय."

सासऱ्यासमोर सून बोलली. तीही चारचौघांत, तीही त्यांना खाली बस म्हणून. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. चुलते म्हणाले, "बघितलंस का भैरू." मारुती पाण्याकडं बघत बसला होता. भैरूअण्णा सरकतच काठाशी आले आणि उतरले. कुणाकडं न बघता पायऱ्या चढून गेले, त्यांच्यामागं बाकीचे. जाता जाता चुलत्यांनी नवा फेटा काढून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला. पानं मांडलेली तशीच राहिली. घरच्या अन्नाला हात न लावता पाहुणा उठून जातो म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. गाडीला उशीर होता, तर ते पलीकडं रस्त्यावर उन्हात उभे राहिले, पण परत फिरले नाहीत.

नाना होडीतच बसून होते. हौसानं होडी ओढून घेतली, नारळ उचलून परत खुर्चीवर बांधला. नाना म्हणाले, "तू का बोललीस गं?"

"तुमी का न्हाई बोललासा?" हौसा म्हणाली.

नानांनी वल्ही उचलून होडीत आडवी ठेवली. मी आत गेले आणि मटणाचं पातेलं चुलीवरून उतरवलं. त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही. आमच्या मुलीनं तेवढी लापशी खाल्ली.

त्यानंतर नाना माणसं बसवेनासे झाले. म्हणजे होडीवर यायचे, वल्हं मारायचे, पण कुणी चुकीच्या जागी बसलं की त्यांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. हौसाच म्हणायची, काका तुम्ही मधी, आक्का तुम्ही फुडं. लोक तिच्यावर खेकसायचे, बाईमाणूस आम्हाला सांगतंय म्हणून. ते जागा बदलेपर्यंत ती दोर धरून उभी राहायची. संध्याकाळी नाना पायरीवर यायचे, चहा घ्यायचे. वल्हं हलकं असतंय, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. एकदा मीच म्हणाले, "नाना, लेकीसाठीच गप्प बसलात ना तुम्ही?" म्हणाले, "माझा बा बी कुणासाठी तरीच बसला आसंल." मला त्यांची फार दया आली, आणि ती दाखवायची कशी ते कळलं नाही. मी पेल्यात थोडा चहा आणखी ओतला.

पुढच्या एका पावसाळ्यात त्यांना ताप भरला तो उतरला नाही. डोंगरावर आठवडा आठवडा सूर्य दिसत नव्हता, औषध आणायला ह्यांना भिजत कोडोलीपर्यंत जावं लागायचं. शेवटी शेवटी नाना फारसं बोलत नव्हते. एकदा हौसाला म्हणाले, "मला कडंला सोडू नगंस. मधी न्हे." मी शेजारी बसले होते. मला वाटलं तापात बरळतायत. हौसाला बरोबर कळलं. दोन दिवसांनी ते गेले. तापानं वाळलेला माणूस हलका लागेल असं वाटलं होतं, पण त्यांना उचलताना ह्यांना आणि गड्यांना चिखलातून पाऊल टाकवत नव्हतं.

हौसा पुढं नेसरीला नांदायला गेली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्याच काळजीत राहाल. तिला दोन मुलगे झाले. मधल्या काळात घरच्यांनी मारुतीच्या मागं दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला होता, त्याला त्यानं नाही म्हटलं. बापापुढं त्याचं तोंड उघडलं ते तेवढंच, पण उघडलं. मला सांगायचंय ते मात्र रक्षाविसर्जनाच्या सकाळचं.

पाऊस थांबला होता. रक्षा सावडून झाली, अस्थींचं मडकं घेऊन आम्ही पायऱ्यांवर आलो. नानांचा एक पुतण्या नदीकाठच्या गावाहून आला होता, गावातली चार माणसं होती. तळ्याच्या मध्यावर होडी हौसाच नेणार होती. दुसरं होतं कोण? तेवढ्यात वरच्या पायवाटेनं भैरूअण्णा उतरताना दिसले, मागं मारुती. मयतीला वैरीसुद्धा येतो, तसे ते दोघं आले असणार असं मला वाटलं. भैरूअण्णा खूप वाळले होते. हौसानं पदर घेतला आणि बाजूला झाली. ते तिच्यापाशी थांबले. मग म्हणाले, "पोरी, त्या दिशी बसल्या बसल्या होडी डुलली ती मला बी कळली हुती. पर एकदा बसल्यावर उठायचं कसं?"

हौसा होडीत उतरली, मागच्या टोकाला गेली, खुर्चीवरचा नारळ सोडला आणि त्या लाल गादीवर नानांचं मडकं ठेवलं. दोरीनं नीट बांधलं. नाना जन्मात कधी त्या खुर्चीवर बसले नव्हते. मग तिनं आम्हाला एकेक करून बसवायला सुरुवात केली, पुतण्याला डावीकडं, मारुतीला उजवीकडं, मला पुढच्या फळीवर. मी आता लेकरू न धरताच पाऊण पोतं होते. भैरूअण्णा पायरीवर उभे होते. हौसानं त्यांच्याकडं बघितलं, बापासारखंच, पायांपासून पोटापर्यंत, पण जागा दाखवली नाही.

भैरूअण्णांनी वहाणा काढून पायरीवर ठेवल्या. धोतराचा सोगा सावरत होडीत पाय टाकला, आणि मधल्या दोन फळ्यांच्या मध्ये, तळाशी, जिथं पावसाचं पाणी साचलेलं होतं, तिथं मांडी घालून बसले. धोतर भिजलं. फेटा काढून त्यांनी मांडीवर घेतला. सुनेच्या पायाशी होते ते, आणि खुर्चीतल्या मडक्याच्या बरंच खाली.

"हितंच न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," हौसा म्हणाली. "हलू नगासा." आणि तिनं दोर सोडला.